हाक पोचेल इतका वेग



गेल्या रविवारी दुसरी मिस्सा आटोपून आम्ही घराकडे वळलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नवी कोरी सायकल धरून देवालयाच्या पायऱ्यांपाशी उभा असलेला दिसला. नवे वाहन घेतले की ते प्रथम देवालयापुढे आणून त्यावर आशीर्वाद मागावा, ही आपल्याकडील जुनी रीत. त्या रीतीने आजवर आमच्यापुढे मोटारी आल्या, ट्रॅक्टर आले, रिक्षा आल्या. सायकल मात्र कित्येक वर्षांत आली नव्हती. ती उचलून पाहिली तो काय, एका हाताने सहज वर आली! तिला पुष्कळ गिअर होते, पाण्याची बाटली ठेवावयास जागा होती, आणि केलेले अंतर व वेग दाखविणारे एक छोटे यंत्रही हँडलवर बसविलेले होते. "फादर, सपाट रस्त्यावर ही ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत जाते," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, आणि मग थोडे हसून त्याने विचारले, "तुम्ही कधी सायकल चालवली आहे का, फादर?"

त्या प्रश्नाचे उत्तर देवालयाच्या पायऱ्यांवर उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते. ते आज येथे देत आहोत. वाचकांनी त्यात थोडी प्रवासकथा आणि थोडी कबुली आहे असे समजून चालावे.

अठरा वर्षांमागे, नव्याने धर्मगुरू झालेले असताना, वरच्या अभ्यासासाठी आम्हांस दोन वर्षे रोम येथे राहण्याचा योग आला. तेथील पहिले वर्ष संपून जून महिन्यात परीक्षा उरकल्या, तेव्हा खिशात पैसे थोडे आणि पायांत बळ पुष्कळ अशी आमची स्थिती होती. असिसी नगरीचे दर्शन आम्ही आगगाडीने जाऊन एकदा घेतलेच होते. या खेपेस असिसीहून स्पोलेतोपर्यंतचे उंब्रिया प्रांतातील खोरे सायकलवरून पाहावे, आणि त्याच सायंकाळी स्पोलेतोहून रोमची गाडी पकडावी, असा बेत आम्ही केला. ओळखीच्या एका धर्मगुरूंनी आपली जुनी सायकल दिली व ती स्पोलेतोतील त्यांच्या स्नेह्याकडे ठेवण्यास सांगितले. आम्ही एका कागदावर गावांची नावे व प्रत्येकापुढे वेळ लिहिली : स्पेल्लो सात, बेवान्या साडेनऊ, मोंतेफाल्को अकरा, त्रेवी एक, स्पोलेतो चार. तो कागद आम्ही फार दिवस जपून ठेवला होता. माणूस किती मूर्ख असू शकतो, हे आठवण्यास तो पुरेसा होता.

हे खोरे कसे आहे, ते आधी सांगितले पाहिजे. पूर्वेस डोंगरांची ओळ, पश्चिमेस बुटक्या टेकड्या आणि मध्ये तळहातासारखी सपाट जमीन. प्राचीन काळी या सपाटीत पाणथळ व दलदल होती. शतकानुशतके कालवे खणून, ओढ्यांना बांध घालून लोकांनी ती जमीन कोरडी केली व शेतीस आणली. जुनी गावे म्हणूनच बहुतेक उतारावर किंवा टेकडीच्या माथ्यावर वसलेली आहेत. खालून पाहणाऱ्याला ती डोंगराच्या खांद्यावर बसलेल्या पाखरांच्या थव्यांसारखी दिसतात. आज त्या ओढ्यांच्या बांधांवरून असिसी ते स्पोलेतो असा सुमारे 50 किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे. त्यावर मोटारींचा त्रास नाही आणि चढही जवळजवळ नाही. आम्ही मात्र गावोगावच्या साध्या रस्त्यांनी गेलो.

असिसीच्या डोंगरउतारावरून निघून स्पेल्लोपर्यंतची वाट ऑलिव्हच्या बागांच्या कडेने जाते. असिसीपासून स्पोलेतोपर्यंत सुमारे 40 किलोमीटर लांबीचा या बागांचा पट्टाच आहे. 2018 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्यास जगातील महत्त्वाच्या कृषिवारशांत स्थान दिले. आपल्या कोकणात वरकस जमिनीला जसे दगडी गडगे घालतात, तसे चुन्यावाचून रचलेले बांध घालून त्या लोकांनी उतारावरची माती धरून ठेवली आहे. ऑलिव्हचे पान वरून हिरवे व खालून रुपेरी असते. वारा आला की सारा उतार एकदम रंग पालटतो. मोटारीतून जाणाऱ्यास ते दिसते, पण त्या वेळी पानांचा जो बारीक आवाज होतो, तो त्याला ऐकू येत नाही.

स्पेल्लो गावाची रोमन काळची वेस अद्याप उभी आहे, आणि तेथील संत मरिया देवालयात पिंतुरिक्किओ या चित्रकाराने 1501 साली रंगविलेले चॅपेल आहे. ख्रिस्तशरीराच्या सणाच्या आदल्या रात्री सारे गाव जागून रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांची चित्रे घालते. सकाळी त्यांवरून पवित्र शरीराची मिरवणूक जाते, आणि रात्रभराचे श्रम काही क्षणांत पायांखाली विस्कटतात. हे सर्व आम्ही नंतर जाणून घेतले. त्या दिवशी स्पेल्लो येथे आम्ही अकरा मिनिटे थांबलो, कारण कागदावर तसे लिहिले होते.

तेथून खाली सपाटीत उतरून आम्ही कान्नारा गाठले. हे गाव तेथील तांबड्या कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. सप्टेंबरात तेथे कांद्याचा उत्सव भरतो. भाकरी-कांद्यावर वाढलेल्या आम्हांला ते ऐकून त्या गावाविषयी जी आपुलकी वाटली, ती मोठमोठ्या राजवाड्यांविषयी वाटली नव्हती. कान्नारा व बेवान्या यांच्यामधील शेतांतच संत फ्रान्सिस यांनी पाखरांना उपदेश केला, अशी जुनी परंपरा आहे. ती जागा म्हणजे मोठे देवालय नव्हे. उघडे शेत आहे. आम्ही तेथूनही पायडल न थांबविता पुढे गेलो.

बेवान्या हे सपाटीतील गाव. रोमन लोकांनी ख्रिस्तपूर्व 220 साली बांधावयास घेतलेल्या फ्लामिनिया महामार्गाची एक शाखा या गावातून जात असे. गावाच्या चौकात संत सिल्वेस्टर यांचे लहानसे देवालय असून ते 1195 साली बांधल्याचे व बिनेल्लो नामक गवंड्याने बांधल्याचे त्याच्या दर्शनी भिंतीवर कोरलेले आहे. आत काळोख आणि गारवा आहे. ऐन उन्हातून येणाऱ्या माणसाला त्या गारव्यात गुडघे टेकावेसे आपोआपच वाटते. आम्ही टेकले, परंतु खरे सांगावयाचे तर डोळे घड्याळावर होते.

बेवान्याहून मोंतेफाल्कोला सुमारे सात किलोमीटर अंतर असून तेवढ्यात अडीचशे मीटरांच्या आसपास चढ आहे. जुन्या सायकलला तीनच गिअर, आणि त्यांतील एक लागत नव्हता. द्राक्षांच्या मळ्यांमधून वळणे घेत जाणाऱ्या त्या रस्त्यावर आमचा घाम निथळला, तरी आम्ही उतरलो नाही. मोंतेफाल्को हा शब्दशः उंब्रियाचा सज्जा आहे. तेथील लोकही त्याला तसेच म्हणतात. वर उभे राहिले की चहूकडे असिसी, स्पेल्लो, त्रेवी आणि दूर स्पोलेतोचा डोंगर, सारे दिसते. नियोजित वेळेपेक्षा थोडा उशीर झाला होता. सायकल भिंतीला टेकून आम्ही धावतच संत फ्रान्सिस यांच्या जुन्या देवालयाकडे गेलो, कारण बेनोत्सो गोत्सोली याने 1452 साली पूर्ण केलेली संतचरित्राची भित्तिचित्रे तेथेच आहेत. देवालय आता संग्रहालय झाले आहे. दार बंद होते. मध्यान्हीची सुट्टी झाली होती, आणि दार पुन्हा उघडण्यास दोन तासांहून अधिक अवकाश होता.

वाचकहो, इटलीतील लहान गावांत दुपारी सर्व काही मिटते, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. परंतु घाई करणाऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीही आठवत नाहीत. पुढे जावे तर चित्रे चुकणार. थांबावे तर गाडी चुकणार. असे चरफडत आम्ही गल्लीतून फिरत असता एका दारातून हाक आली.

"ए मुला! उन्हात काय फिरतोस? इकडे ये."

दारात एक वृद्ध बाई वेताच्या खुर्चीवर बसली होती. अंगावर काळे वस्त्र आणि मांडीवर शेंगा सोलण्याचे भांडे. धर्मगुरूचा वेश आमच्या अंगावर नव्हता; घामाने भिजलेला, सावळा, परका तरुण एवढेच तिला दिसत होते. तिने पाणी दिले. मग पाव कापून त्यावर ऑलिव्हचे हिरवट तेल ओतले, मीठ भुरभुरले, आणि खाल्ल्यावाचून बोलू दिले नाही. "कुठला तू?" "हिंदुस्थानचा." "आई आहे का?" "आहे." "तिला पत्र लिहितोस का?" या तिसऱ्या प्रश्नास आमच्याकडे चांगले उत्तर नव्हते.

तिचा मुलगा कामासाठी उत्तरेकडे गेला होता व तेथेच स्थायिक झाला होता. गल्लीतील घरे तिने बोटाने दाखविली : हे बंद, तेही बंद, त्या घरात उन्हाळ्यात पंधरा दिवस माणसे येतात. टेकडीवरची ही सुंदर गावे प्रवाशाला चित्रासारखी वाटतात. पण चित्रासारखी शांतता कधी कधी माणसे निघून गेल्यामुळेही येते, हे त्या दारात बसल्यावर कळले. आम्ही धर्मगुरू आहोत असे सांगताच तिने शेंगांचे भांडे खाली ठेवले आणि म्हटले, "तर मग प्रार्थना कर. तुझ्या भाषेत कर." आम्ही मराठीत प्रभूची प्रार्थना म्हटली. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि नेमक्या जागी तिने "आमेन" म्हटले.

चार वाजता आम्ही ती चित्रे पाहिली. त्यांतील एका चित्रात संत फ्रान्सिस पाखरांपुढे उभे आहेत, आणि मोंतेफाल्को नगरीही रंगविलेली आहे. रस्त्याने जाणारा माणूस थांबला आहे, एवढाच त्या चित्राचा विषय. सकाळी त्याच शेतावरून आम्ही कसे गेलो होतो, ते तेथे उभे असताना आम्हांस आठवले.

पुढे उतारावरून वाऱ्यासारखे खाली आलो. त्रेवी गाव शंखाच्या वळशासारखे डोंगराभोवती गुंडाळलेले दिसले. क्लितुन्नोच्या झऱ्यांपाशी, आता घाई करून उपयोग नाही असे पाहून, पाय पाण्यात सोडून बसलो. या पाण्याच्या तळाशी टाकलेली नाणी मोजता येतील, असे धाकट्या प्लिनीने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका पत्रात लिहून ठेवले आहे. आजही ते पाणी असेच निर्मळ आहे. स्पोलेतोला पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि गाडी गेली होती.

गाडी चुकल्यामुळे रात्री तेथेच राहिलो, व म्हणूनच दुसऱ्या सकाळी स्पोलेतोच्या महादेवालयात एक गोष्ट पाहावयास मिळाली. तेथे तळहाताएवढे एक चर्मपत्र जपलेले आहे. संत फ्रान्सिस यांनी स्वतःच्या हाताने बंधू लिओ यांना लिहिलेले ते पत्र होय. त्यांच्या हस्ताक्षराचे असे दोनच नमुने आज उपलब्ध आहेत. अक्षर वेडेवाकडे आहे. पत्राचा आशय इतकाच, की आई जशी मुलाला सांगते तसे मी तुला सांगतो. वाटेने चालताना आपण जे बोललो, ते सारे येथे थोडक्यात लिहितो. आणि तुझ्या जिवाला गरज वाटली व माझ्याकडे यावेसे वाटले, तर ये.

वाटेने चालताना जे बोललो! या संताने आपल्या बंधूंसाठी जो नियम केला व 1223 साली पोप तिसरे होनोरियस यांनी जो मान्य केला, त्यात असे सांगितले आहे, की उघड गरज किंवा आजारपण असल्याखेरीज बंधूंनी घोड्यावर बसून प्रवास करू नये. सेमिनरीत हा नियम शिकताना आम्ही त्याचा अर्थ दारिद्र्यव्रत असा लावला होता, आणि तो बरोबरच आहे. घोडा हे त्या काळी श्रीमंताचे वाहन होते. परंतु त्या सकाळी आमच्या मनात आणखी एक गोष्ट आली. घोड्यावरचा माणूस उंच असतो आणि वेगाने जातो. त्याला दारातली म्हातारी हाक मारीत नाही. पायी चालणाऱ्याला मारते. सायकलवाल्यालाही मारते, कारण त्याचा चेहरा उघडा असतो, त्याचे कान मोकळे असतात, आणि पाय टेकला की तो थांबतो.

वेग हा सर्वस्वी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. याच असिसीशी एका फार वेगवान सायकलपटूचे नाव जोडलेले आहे. जिनो बार्ताली यांनी फ्रान्सची प्रख्यात शर्यत 1938 व 1948 अशी दोनदा जिंकली. त्या दोन विजयांच्या मध्ये महायुद्ध होते. 1943 साली जर्मनांनी इटलीचा ताबा घेतल्यावर असिसीचे बिशप निकोलिनी व त्यांचे सहकारी धर्मगुरू आल्दो ब्रुनाच्ची यांनी मठांमठांतून यहुदी कुटुंबांना आसरा दिला. अशा लपलेल्या लोकांसाठी बनावट ओळखपत्रे सायकलवरून पोचविल्याबद्दल यरुशलेम येथील याद वाशेम संस्थेने 2013 साली बार्ताली यांचा, मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, गौरव केला. हयातीत त्यांनी या गोष्टीचा बोभाटा होऊ दिला नाही. शर्यतींतील त्यांच्या वेळा नोंदलेल्या आहेत. या फेऱ्यांच्या वेळा मात्र कोणी घड्याळ लावून मोजल्या नाहीत. ज्याला हाक ऐकू येते, त्याचा वेगही कामी येतो.

आता कबुली. इतके सर्व पाहून, शिकून आम्ही मायदेशी परतलो, आणि विसरलो.

बेळगावच्या बाजूस असलेला आमचा हा धर्मग्राम पुष्कळ पसरलेला आहे. उपकेंद्रे दूर आहेत, शाळेची कामे आहेत, आजाऱ्यांच्या भेटी आहेत. दात्यांनी मोटारसायकल दिली ती याचसाठी, आणि तिच्यावाचून आमचे चालणार नाही, हेही खरे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाच्या मळ्यापाशी रस्ता वळतो तेथे एका विधवा आजीचे घर होते. त्या वळणावरून आम्ही रोज जात असू. डोक्यावर शिरस्त्राण, कानांत इंजिनाचा आवाज, मनात पुढचे काम. एका पावसाळी पहाटे निरोप आला. अभ्यंगाच्या तेलाची डबी खिशात घालून आम्ही निघालो. पोचलो तेव्हा आजी गेली होती.

प्रेतसंस्कारानंतर तिची मुलगी आमच्याशी बोलली. तिने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. ती म्हणाली, "आई महिनाभर म्हणत होती, फादर रोज दारावरून जातात, मी हाक मारते, पण त्यांना पोचत नाही. निरोप पाठवू का म्हटलं, तर म्हणायची, नको, त्यांना कामं असतात. एखाद दिवस थांबतील."

त्या एका वाक्याने मोंतेफाल्कोची गल्ली आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. परदेशातील अनोळखी बाईची हाक आम्हांस ऐकू आली, कारण दार बंद होते व आमचा निरुपाय झाला होता. आपल्या धर्मग्रामातील, आम्हांला नावाने ओळखणाऱ्या आजीची हाक महिनाभर ऐकू आली नाही. तेच तेल, जे त्या ऑलिव्हच्या उतारांवर झाडाला लागते, आमच्या खिशात होते आणि त्याचा उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती.

त्या दिवसापासून दर गुरुवारी मोटारसायकल घरी राहते. माळ्यावर गंजत पडलेली एक जुनी सायकल दुरुस्त करून घेतली आहे. तिला गिअर नाहीत आणि चढावर आम्ही उतरून चालतो. चाळिशी उलटल्यावर त्यात लाज ती कसली? गुरुवारी कामे कमी होतात, हे खरे. परंतु कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा पुण्याहून आला नाही, कोणाची म्हैस व्याली, हे आम्हांला गुरुवारीच कळते. त्या उसाच्या वळणावर आता कोणी हाक मारीत नाही. घर बंद आहे. तरी तेथे आम्ही उतरतो व थोडे अंतर चालत जातो.

आपल्याकडील यात्रेकरूंचे गट असिसीस जातात, तेव्हा पुष्कळदा बसमधून उतरून दोन-तीन तासांत परत बसमध्ये चढतात. ज्यांना शक्य असेल त्यांनी एखादा दिवस काढून ते खोरे सायकलवरून, नाही तर पायी पाहावे. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. भर उन्हाळ्यात दुपारचे ऊन सोसवत नाही. पाणी जवळ ठेवावे. आणि मध्यान्ही दारे बंद झाली, तर चरफडू नये.

त्या तरुणाच्या सायकलवर आम्ही प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडले. "घंटी कुठे आहे रे?" असे विचारले, तेव्हा "वजन वाढतं, फादर," असे तो म्हणाला. गाणी ऐकण्याची दोन छोटी बोंडे त्याच्या गळ्याशी लोंबत होती. निघताना ती तो कानांत घालणार, तोच आम्ही त्याचा हात धरला.

"वेगाने जा, बाळ," आम्ही म्हणालो, "पण तेवढे कान मोकळे ठेव."

त्याने बोंडे खिशात घातली. फाटकापर्यंत तरी ती खिशातच होती. तेथे भाजीची टोपली उतरवून ठेवलेल्या एका मावशीने त्याला हाक मारली, आणि त्याने पाय टेकला.